विषय क्रमांक सहा

आमचा छापखाना कामगारांचाच. मालकाने टाळं ठोकलं तेव्हा कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मंजुरीने तो कारखाना कामगारांनी चालवायला घेतला होता. आमच्या लोकांनी ग्रॅच्युइटी ओतून सहकारी संस्था नोंदवली. शेअर कितीही असोत, मत एकच. मी सचिव. म्हणजे बोलायचं कमी, लिहायचं जास्त.

सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा उरकावी लागते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा सुरू, हे नेहमीचंच. अहवाल, ताळेबंद, लेखापरीक्षक सगळं ‘मंजूर, मंजूर’ करत वीस मिनिटांत झालं. मग विषय सहा: बायंडिंगच्या नऊ बायकांना सभासद करून घेणे.

सहा वर्षं त्या रोजंदारीवर आहेत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापलेली असतात, तो फर्मा. या फर्म्यांच्या घड्या घालायच्या, क्रमाने लावायचे, टाचायचे. त्यातल्या मावशी तर पुस्तक हातात घेतलं की वजनावरून सांगतात, एक फर्मा राहिलाय. आमच्या ऑफसेटवाल्यांची मिजास मोठी, पण गिऱ्हाईकाची शिवी टळते ती या हातांमुळे.

नफ्यातला पाव हिस्सा राखीव निधीत जातो, लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा. लोकांचा जीव उरलेल्या बोनसवर. वाटेकरी ४१ चे ५० होणार, हे पहिल्या रांगेत केव्हाच मोजून झालं होतं. टाळं लागल्यावर गेटवर रात्री काढलेला आमचा सगळ्यात जुना मशीनमन उठला. म्हणाला, “आधी मशीनचे हप्ते फिटू देत, मग बघू.” हे वाक्य जुना मालक म्हणायचा, आम्ही पगारवाढ मागितली की. अध्यक्षांनी घाईघाईने हात वर करायला सांगितले. बाजूने १२, विरोधात १८.

तेवढ्यात त्याच बायका चहा घेऊन आल्या. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सभेचा अहवाल त्यांनीच टाचला होता, त्यामुळे विषय त्यांना पाठ.

सोमवारी मावशींनी विचारलं, “भाऊ, सहा नंबरचं काय झालं हो?”

“पुढच्या वर्षी बघू म्हणाले,” मी म्हटलं. असं कुणी म्हणालं नव्हतं.

इतिवृत्त अजून कच्चंच आहे. हजेरीपटावर सह्या ३१, मतं ३०. मी हात मोजत होतो, त्यामुळे माझा वर गेलाच नाही. तटस्थ १ लिहायचं की नाही, ठरत नाही.