कोपराआडचं पान

"पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही, शुद्धलेखन आज सुट्टीवर. दहा मिनिटं. सुचलं नाही तर 'सुचत नाही' असंच लिहीत राहा." लेखन-शिबिरातल्या मुलांना एवढं सांगून मी घड्याळ लावलं, आणि सगळे डावे हात वहीभोवती वळले. (दोघा डावखुऱ्यांचे उजवे.) कोपर बाहेर, मनगट आत, मान खाली. परीक्षेत बांधतात तशी तटबंदी. इथे बघून लिहिण्यासारखं होतं काय?

ही न थांबता लिहिण्याची युक्ती माझी नव्हे. पीटर एल्बो नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९७३ साली ती पुस्तकात मांडली. पुस्तकाचं नावच 'शिक्षकांशिवाय लिहिणं' अशा अर्थाचं, म्हणजे मी तिथे जादाच. आणि एल्बो म्हणजे कोपर! इतकी वर्षं त्याचं नाव घेतेय, पण हे त्या दुपारी लक्षात आलं. एकटीच हसले. दोघातिघांनी संशयाने वर पाहिलं आणि कोपरं आणखी जवळ ओढली.

सातवीत मीही अशीच बसायचे. निबंध 'माझी आई'. मी लिहिलं होतं, 'आई रागावली की आमची भांडी जास्त चकचकीत होतात.' बाईंनी माझं कोपर बाजूला सारलं, वाक्य मोठ्याने वाचलं, वर्ग खिदळला. मग लाल रेघ. त्या जागी मी 'आई ही वात्सल्याची मूर्ती आहे' असं लिहून दिलं. दहापैकी सात मिळाले. तसं खरं वाक्य पुढे बरीच वर्षं हातून उतरलं नाही.

म्हणून शिबिरात मी कुणाच्या मागे जाऊन उभी राहत नाही, खिडकीशी जाते. 'झालं का?' असंही विचारत नाही. १८१६ च्या त्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी इंग्रज कवी बायरनने सोबतच्या मंडळींना भुताची गोष्ट लिहायला सांगितली, तेव्हा अठरा वर्षांच्या मेरीला (शेली हे आडनाव नंतरचं) रोज सकाळी विचारत, सुचली का गोष्ट? ती रोज खाली मान घालून नाही म्हणे. 'फ्रँकेन्स्टाइन' ही तिची गाजलेली भयकथा तिला शेवटी सुचली, पण त्या सकाळी आठवल्या की माझ्याच पोटात गोळा येतो.

घड्याळ वाजलं. काहींनी वाचून दाखवलं, काहींनी नाही. सगळे गेल्यावर एक मुलगी मागे राहिली. आठ घड्या घातलेला कागद माझ्या हातात कोंबला.

"ताई, हा ठेवा. पण वाचू नका."

"मग देतेस कशाला?"

"घरी नको."

कागद माझ्या खणात आहे. खोटं कशाला बोलू, एकदा उजेडासमोर धरून पाहिला. आठ घड्यांतून काही दिसत नाही.