नदीला पाणी होतं

लेक परवा शाळेतून आली ती गप्पच. रात्री अंथरुणात म्हणाली, "आई, आमच्या गाडीतला धाकटा नदीत वाहून गेला. थांबायला नको, असं मीच म्हटलं होतं."

माझ्या पोटात गोळाच आला. मग कळलं, तो इतिहासाचा तास होता. पाचवीच्या मुलांची चार-चार जणांची कुटुंबं करून बाई त्यांना ऑरेगनच्या वाटेवर धाडतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली कुटुंबं पश्चिमेला वस्ती करायला निघाली, ती ही वाट. मिसुरीपासून सुमारे 3200 किलोमीटर, बैलगाडीने. पीठ किती घ्यायचं, काडतुसं किती, हे मुलांनीच ठरवायचं. बाई गोष्ट सांगतात आणि ऐन वेळी थांबतात. नदीला पाणी आहे. गाडी तशीच आत घालायची, तरंगवत न्यायची, की पाणी ओसरेपर्यंत थांबायचं? थांबलं तर पुढे डोंगरात बर्फ गाठणार.

हा मुळात संगणकावरचा खेळ. 1971 साली मिनेसोटात डॉन रॉविच नावाच्या शिकाऊ इतिहास शिक्षकाने दोन मित्रांच्या मदतीने वर्गासाठी केलेला. तेव्हा पडदा नव्हता. टेलिटाइपवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रावर, उत्तर टाइप करायचं, पुढची गोष्ट कागदावर छापून यायची. पुढे त्याने त्या वाटेवरच्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचल्या आणि संकटं कधी, किती वेळा यावीत याचं प्रमाण त्यांवरून बसवलं. एका शिक्षकाने एवढे कष्ट घ्यावेत!

पण मला खरं कौतुक आहे ते खेळ संपल्यावरच्या अर्ध्या तासाचं. कोण जिंकलं हे बाईंनी विचारलंच नाही. "नदीकाठी तुम्हाला काय ठाऊक होतं? काय ठाऊक नव्हतं? तरी तसं का ठरवलंत?" एवढंच. आणि मग, ज्यांच्या मुलखातून या गाड्या गेल्या, ते मूळ रहिवासी तुम्हाला खेळात कुठे दिसले? वर्ग गप्प झाला म्हणे. याच शाळेत टॅबलेटवर घड्याळ लावून प्रश्नमंजुषाही घेतात. ज्याचं बोट चपळ त्याला गुण. त्यालाही खेळच म्हणतात. विचार करणारं मूल तिथे शेवटचं येतं, आणि याची मला मनापासून चीड आहे.

तरी आपल्या घोकंपट्टीला इथे अमेरिकेत कुणी नाक मुरडलं की मला राग येतो. सनावळ्या पाठ केल्या म्हणून काळाचा सांगाडा माझ्या डोक्यात पक्का आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध या गाड्यांच्या आधीचं की नंतरचं, हे लेकीला अजून सांगता येत नाही. आणि सापशिडी तर आपलीच! शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, हे शिकवायलाच तर तो पट होता. फक्त तिथे दान फाशांचं. मुलाने स्वतः काही ठरवायचं नसतं.

लेक आत्ता वहीत पिठाच्या पोत्यांचा हिशेब मांडून बसली आहे. शुक्रवारी गाड्या पुन्हा निघणार आहेत. "दोन दिवस थांबलो तर किती पीठ जास्त लागेल गं?" असं मघाशी विचारत होती.