बाबावाक्यं प्रमाणम्? पोपच्या बाबतीत तरी तसं नाहीये

"मम्मी, पोप चुकतच नाहीत ना, मग ते कन्फेशनला जाऊन सांगतात तरी काय?"

लेकीचा हा प्रश्न आला तेव्हा मी भाकऱ्या करत होते, हात पिठात आणि तव्यावरची भाकरी उलटायला आलेली, आणि मी जागच्या जागी थांबलेच कारण नेमका हाच प्रश्न मला तिच्या वयात पडला होता. आम्हाला धर्मशिक्षण शिकवायला एक बाई यायच्या, त्यांनी सांगितलेलं की पोप कधी चुकत नाहीत, बास, लिहून घ्या. मी विचारलं की त्यांचं गणितसुद्धा चुकत नाही का, तर मला बाकावर उभं केलं. मी चेष्टा करत नव्हते ओ, मला खरंच कळत नव्हतं. लेकीचं यंदा दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा संस्कार) आहे, तिला तरी कुणी बाकावर उभं करू नये म्हणून त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी बसलो आणि जे बोललो तेच इथे जरा सविस्तर लिहितेय.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. पोप कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूपुढे आपली पापं सांगायला, जातात. २८ मार्च २०१४ ला पोप फ्रान्सिस रोमच्या सेंट पीटर्समध्ये लोकांची पापनिवेदनं ऐकायला निघाले होते, सोबतच्या फादरांनी त्यांना बसायची जागा दाखवली, पण ते तिकडे न जाता समोर दुसऱ्या एका धर्मगुरूपुढे जाऊन गुडघ्यावर बसले, सगळ्यांच्या देखत. पाठमोरा पांढरा झगा आणि वाकलेली मान, तो व्हिडिओ मी लेकीला मोबाईलवर दाखवला. ती म्हणाली म्हणजे ते चुकतात. चुकतात की बाळा! माणूस आहे तो. न पाप करणं वेगळं आणि न चुकता शिकवणं वेगळं, चर्चने पोपच्या बाबतीत पहिल्याचा दावा कधीच केलेला नाही, आणि दुसऱ्याचा दावासुद्धा इतक्या अटी घालून केलाय की त्या ऐकल्यावर बरेच जण म्हणतात, एवढंच होय?

मी राहते मिरजेत, नोकरी सांगलीत एका टॅक्सच्या ऑफिसात. मिरज म्हणजे मिशन हॉस्पिटलचं गाव, इथे ख्रिस्ती म्हटलं की बहुतेक सगळे प्रॉटेस्टंट, आम्ही कॅथलिक मोजके. शेजारच्या काकू पिढीजात प्रेस्बिटेरियन, हॉस्पिटलात नर्स होत्या, बायबल तोंडपाठ. त्यांचं माझ्यावर फार प्रेम आहे पण पोपचा विषय आला की म्हणतात, "अगं तुम्ही त्याला देवच करून ठेवलाय." आणि ऑफिसातले हिंदू सहकारी, त्यांना वाटतं पोप म्हणजे आमचे सगळ्यात मोठे महाराज, ते बोलले की विषयच संपला. पोप हा शब्दच मुळात पापा, म्हणजे बाबा, आणि आपल्याकडे बाबावाक्यं प्रमाणम् म्हणायची सवय असल्यामुळे ते एकमेकांत इतकं फिट बसतं की समजूत काढणं अवघड जातं.

मला हे पहिल्यांदा नीट समजावलं ते पप्पांनी. माझं माहेर साताऱ्याचं, पप्पा एसटीत होते, शिक्षण जेमतेम पण वाचन दांडगं. बाकावर उभं केल्याचं मी रडत सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "साताऱ्यात राहतीस आणि गादी म्हणजे काय ते तुला कळत न्हाई?" लॅटिनमध्ये शब्द आहे एक्स कॅथेड्रा, म्हणजे गादीवरून, आसनावरून. बिशपचं जे आसन असतं त्याला कॅथेड्रा म्हणतात, त्यावरूनच कॅथेड्रल आलं. पप्पांचं म्हणणं असं की गादीवरचा माणूस जेवताना, फिरायला जाताना, भाच्याच्या लग्नात चार शब्द बोलताना जे बोलतो तो गादीचा हुकूम नसतो. गादीचा हुकूम शिक्का मारून, सगळ्या रयतेसाठी निघतो. (खरोखर खुर्चीवर जाऊन बसावं लागतं असं काही नाही, तो फक्त शब्द आहे.)

चर्चच्या अटी साधारण अशाच आहेत. पोपने स्वतःचं मत म्हणून नाही तर सगळ्या ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ आणि शिक्षक म्हणून बोललं पाहिजे, येशूचा शिष्य पेत्र, ज्याला आम्ही पहिला पोप मानतो, त्याच्याकडून आलेला सर्वोच्च अधिकार वापरून बोललं पाहिजे, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा पाहिजे, आणि हे संपूर्ण चर्चने कायमचं धरून चालायचं आहे असा शेवटचा निर्णय द्यायला पाहिजे. हे सगळं एकत्र आलं तरच. विमानात पत्रकारांशी बोलताना पोप काय म्हणाले, एखाद्या देशाच्या निवडणुकीबद्दल काय वाटतं, कुणाला कार्डिनल केलं, यातलं काहीच त्यात बसत नाही. बेनेडिक्ट सोळावे यांनी तर २००७ मध्ये येशूवर पुस्तक लिहिलं त्याच्या प्रस्तावनेतच सांगून टाकलं की हे माझं वैयक्तिक शोधणं आहे, ज्याला पटत नाही त्याने खुशाल विरोध करावा.

आणि न चुकता शिकवायचं हे वरदान म्हणजे साक्षात्कार नाही हं, इथे आमचेच लोक घोटाळा करतात. पोपला वरून नवीन काही कळतं असं चर्च म्हणत नाही. हे वरदान जाहीर करणाऱ्या १८७० च्या चर्चच्या ठरावातच लिहिलंय की पेत्राच्या वारसांना पवित्र आत्म्याचं वचन मिळालं ते नवीन शिकवण काढण्यासाठी नव्हे, तर प्रेषितांकडून आलेला ठेवा नीट राखण्यासाठी. माझ्या डोक्यात याचं चित्र तिजोरीच्या पहारेकऱ्याचं आहे, ठेव त्याची नाही, त्याने फक्त ती हरवू द्यायची नाही.

तो १८७० चा प्रसंग मला फार आवडतो. पहिली व्हॅटिकन परिषद, डिसेंबर १८६९ ला सुरू झालेली, पोप होते नववे पायस. सगळे बिशप माना डोलावत होते असं अजिबात नव्हतं. १३ जुलैच्या मतदानात ४५१ जणांनी हो म्हटलं, ८८ जणांनी सरळ नाही म्हटलं आणि ६२ जणांनी दुरुस्त्यांसह हो. काहींना शिकवणच पटत नव्हती, काहींना शिकवण मान्य होती पण जाहीर करायची ही वेळ नव्हे असं वाटत होतं. मग शेवटच्या मतदानाआधी पन्नासच्या वर बिशप रोम सोडून निघून गेले, पोपसमोर तोंडावर नाही म्हणायला नको म्हणून. १८ जुलैला मतदान चालू असताना बाहेर प्रचंड वादळ, विजा कडाडतायत, आत इतका अंधार की पोपना ठराव वाचायला मेणबत्ती आणावी लागली. ५३३ विरुद्ध २. ते दोघे कोण तर एक इटलीतले बिशप आणि दुसरे अमेरिकेतल्या लिटल रॉकचे बिशप फिट्झगेराल्ड, आणि दोघांनीही निकाल लागल्यावर लगेच तो मान्य केला. दुसऱ्याच दिवशी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध सुरू झालं, २० सप्टेंबरला इटलीच्या सैन्याने रोम घेतलं, पोपचं राज्य गेलं, आणि परिषद अर्धवट राहिली ती राहिलीच. काही जण म्हणतात राज्य जाताना दिसत होतं म्हणून पायसनी हा अधिकार पक्का करून घेतला. त्या काळाचा दबाव होता हे मी नाकारत नाही, पण गंमत बघा, राज्य गेल्यावर त्याच पोपने पुढे आठ वर्षांत ही सत्ता एकदाही वापरली नाही.

आजपर्यंत ती वापरली गेलीय किती वेळा? सगळ्यांना निर्विवाद मान्य असलेली उदाहरणं दोनच. एक १८५४ चं, म्हणजे ठरावाच्याही आधीचं, मरियामाता आपल्या आईच्या पोटात आली त्या क्षणापासून आदिपापापासून, म्हणजे माणसाला जन्मजात चिकटणाऱ्या पापापासून, मुक्त होती. (हा कुमारी मरियेपोटी येशूच्या जन्माचा विषय नाही, ही दुसरी मोठी गैरसमजूत, अगदी कॅथलिक लोकसुद्धा यात गफलत करतात.) दुसरं १ नोव्हेंबर १९५० चं, बारावे पायस, मरियामातेला आत्म्यासह आणि शरीरासह स्वर्गात घेतलं गेलं.

हे दुसरं म्हणजे आपला १५ ऑगस्टचा सण. लेकीला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे मोठे झाले, कारण तिच्यासाठी १५ ऑगस्ट म्हणजे पावसात मिस्सा (चर्चमधली आमची मुख्य उपासना), मग चर्चच्या आवारात झेंडावंदन, चिखलात बुडालेले पांढरे बूट आणि हातात जिलेबी. मला आठवते ती २०१९ ची १५ ऑगस्ट, महापूर नुकताच ओसरलेला, सांगलीत घराघरांतून गाळ काढायचं काम चालू होतं, आणि आम्ही थोडे जण हातापायाला चिखलाचा वास घेऊन मिस्साला उभे. त्या दिवशी "शरीरासह" या शब्दाला मी रडले होते. शरीर देवाला टाकाऊ वाटत नाही, हा त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. आणि १९५० ला काय पोपला सकाळी उठून वाटलं म्हणून जाहीर केलं असं झालं नाही, १९४६ मध्येच त्यांनी जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून विचारलं होतं की तुमच्याकडचे लोक आणि तुम्ही काय मानता, आणि जवळपास सगळ्यांचं उत्तर हो आलं. शेकडो वर्षं लोक तो सण पाळतच होते. त्यांच्या तोंडात होतं त्यावर शिक्का बसला.

काकूंचा खरा आक्षेप मात्र इतिहासाचा आहे आणि तो मी टाळत नाही. पोप चुकलेत, शिकवतानाही चुकलेत. बाविसावे जॉन, १३३१ च्या सुमारास प्रवचनात सांगत होते की मेलेल्या संतांना देवाचं पूर्ण दर्शन शेवटच्या न्यायाच्या दिवसाआधी होत नाही. पंडितांनी जोरात विरोध केला, शेवटी मरणशय्येवर त्यांनी शब्द मागे घेतला आणि पुढच्या पोपनी १३३६ मध्ये उलट शिकवण पक्की केली. प्रवचन होतं, शिक्का नव्हता. पहिले होनोरियस त्याहून अवघड, त्यांच्या मृत्यूनंतर ६८०-८१ च्या परिषदेने त्यांच्या पत्रांवरून त्यांना दोषी ठरवलं. चर्चचं उत्तर असं की ती पत्रं म्हणजे सगळ्या चर्चसाठी दिलेला निर्णय नव्हता. मला हे उत्तर पटायला वेळ लागला, आजही वाटतं की ते बरोबर आहे पण सोपं नाही. गॅलिलिओला १६३३ मध्ये शिक्षा झाली ती अन्यायच होती, पण तो न्यायासनाचा निकाल होता, श्रद्धेची व्याख्या नव्हे, आणि १९९२ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलनी ती चूक उघड मान्य केली.

काकू म्हणतात, "म्हणजे चुकलं की तो शिक्का नव्हता म्हणायचं, सोयीचं आहे की." मी म्हटलं काकू, चूक सापडल्यावर मी पळवाट काढत असते तर तुमचं बरोबर, पण अटी ठरावातच लिहिल्यात, आणि होनोरियसचं प्रकरण तर १८७० च्या परिषदेत विरोधी बिशपांनीच टेबलावर ठेवलं होतं, लपवलं नव्हतं कुणी. त्या मान हलवून गप्प बसल्या. पटलं नाही त्यांना, मला माहितीये.

आता जे मला मनापासून बोलायचंय ते. बाहेरच्यांच्या गैरसमजाने माझं फार काही बिघडत नाही, घरातल्या गैरसमजाने बिघडतं. काही वर्षांपूर्वी एका चर्चच्या बैठकीत मी बांधकाम निधीचा हिशोब विचारला, माझं कामच ते आहे, दोन पावत्यांचा मेळ लागत नव्हता, तर एक वडीलधारे गृहस्थ उठून म्हणाले, "चर्च चुकत नसतं, बाई." सगळे गप्प. मला पुन्हा बाकावर उभं केल्यासारखं वाटलं. हिशोब आला शेवटी, तीन महिन्यांनी, आकडा दुरुस्त होऊन. पण ते वाक्य अजून टोचतं, कारण पोपला जे वरदान इतक्या काटेकोर अटींनी दिलंय ते हा माणूस सिमेंटच्या पावतीला लावत होता! तिथून ते प्रत्येक फादरला, प्रत्येक कमिटीला, प्रत्येक व्हॉट्सॲप फॉरवर्डला लागतं, "पोप म्हणाले" लिहिलं की लोक डोळे मिटून पुढे पाठवतात, त्यांनी ते म्हटलेलंसुद्धा नसतं.

याचा अर्थ बाकी सगळं वाऱ्यावर सोडायचं असंही नाही, शिक्का नसलेल्या शिकवणीलाही मनापासून मान द्यायचा, ती समजून घ्यायची धडपड करायची, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. पण मान देणं आणि तोंड बंद ठेवणं यात फरक आहे. पौलाने अंत्युखियात पेत्राला तोंडावर सुनावलं, ते बायबलमध्येच आहे. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्कने जेव्हा ओरड केली की आता बिशप म्हणजे पोपचे नुसते नोकर झाले, तेव्हा १८७५ मध्ये जर्मनीच्या बिशपांनी जाहीर उत्तर दिलं की पोप मनमानी राजा नाही, देवाच्या वचनाने आणि चर्चच्या परंपरेने तोही बांधलेला आहे, आणि खुद्द नवव्या पायसनी त्या उत्तराला दुजोरा दिला. ज्या पोपच्या काळात ठराव झाला त्यांनीच!

लेकीने हे सगळं ऐकून शेवटी विचारलं, मग मिस्सात आपण दर वेळी पोपचं नाव घेऊन प्रार्थना का करतो. २०२५ मध्ये २१ एप्रिलला फ्रान्सिस गेले आणि ८ मे ला लिओ निवडून आले, मधले सतरा दिवस त्या प्रार्थनेत पोपचं नावच नव्हतं, फादर त्या जागी आले की आमच्या चर्चमध्ये कानाला एक खड्डा जाणवायचा. मी बायबल काढून तिला लूकचा बाविसावा अध्याय दाखवला. येशू पेत्राला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केलीय, आणि लगेच दोन ओळींवर सांगतो की आज कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. एकाच रात्री, एकाच माणसाला.

तिने ते बोट ठेवून दोनदा वाचलं. मग म्हणाली, उद्या काकूंना दाखवते.