सुरळी हातात आली

भेरली माडाची मधली, न उघडलेल्या पानाची सुरळी मी दोन बोटांत धरून हलकेच ओढली आणि ती अलगद हातात आली. बुडाशी काळपट, आंबूस वासाची. फेब्रुवारी संपत आला होता आणि मालकांना मी महिनाभर 'दोनच अरेका गेले, बाकी सगळे तगले' असं सांगत होतो.

महाबळेश्वरच्या एका बंगल्याच्या बागेत कुठले पाम थंडी काढतात, ते बघायचं काम माझ्याकडे होतं. अरेका, बॉटल पाम, शिंदी, भेरली माड आणि चीनकडचा विंडमिल पाम. प्रत्येकी दोन रोपं वर जांभ्याच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, दोन खाली वेण्णा तलावाच्या बाजूच्या खोलगटात.

जानेवारीतल्या त्या पहाटे वारा नव्हता, आभाळ निरभ्र. अशाच रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते आणि जड, गार हवा उतारावरून वाहत खोलगटात साचते. शेडच्या भिंतीवरचं थर्मामीटर पाच अंश दाखवत होतं, मी तेच वहीत लिहिलं. सोबतचे मामा गवतात वाकून म्हणाले, "अहो, हिकडं या. पायाखाली कुरकुर वाजतंय." दव गोठलं होतं. थर्मामीटर काढून गवतावर ठेवलं, तर शून्याच्या खाली एक! दिवसभर तापलेल्या भिंतीचं तापमान मी झाडांचं म्हणून लिहीत आलो होतो. तिकडे तलावाकाठी लोक हिमकणांचे फोटो काढत होते. ज्या गारठ्याने शेतकऱ्याची स्ट्रॉबेरीची फुलं काळी पडतात त्याचं एवढं कौतुक मला कधीच पटलेलं नाही.

खालचे अरेका दोन दिवसांत करपले, ते अपेक्षितच होतं. भेरली माड मात्र हिरवागार दिसत राहिला. सह्याद्रीच्या रानातला, इथलाच, म्हणून त्याच्यावर माझा सर्वांत जास्त भरवसा. आंबा-पेरू शेंडा जळाला तरी बाजूने फुटतात. एकखोडी माडाला वाढीचा डोळा एकच, तोही पोग्याच्या, म्हणजे मधल्या सुरळीच्या पोटात. तो मेला तरी जुनी पानं कितीतरी आठवडे हिरवी राहतात. खालचे दोन्ही गेले, टेपावरचे दोन्ही शाबूत आहेत.

विंडमिलचं पानही करपलं नाही. तो शून्याखाली दहा अंशांतही तगतो, त्यात नवल नाही. मालक लगेच साठ रोपं मागवायला निघाले. मी अडवलं. या डोंगरावर पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, मुळं पाण्यात राहिली की थंडीला भीक न घालणारं झाडही कुजतं. पण मालकांना पावसाळ्यापर्यंत थांबायचं नाही.

मला भेरली माडाचं कोडंच सुटत नाही. ओली माती ऊब धरते म्हणून थंडीत संध्याकाळी पाणी द्यायला मीच सांगितलं होतं. बुडाशी द्या, पोग्यात नको, हे सांगायचं राहिलं. पोरांनी वरून पाइप धरला. मग माड गारठ्याने मेला की पोग्यात साचलेल्या पाण्याने? बुरशीनाशक ओतलं, पण तोवर उशीर झाला होता.

येत्या डिसेंबरात त्याच खोलगटात पुन्हा चार भेरली माड लावतोय. दोघांचे पोगे कोरडे ठेवायचे, दोघांवर वरून पाणी. थर्मामीटर गवतावर.