झाडाभोवतीची तेरा मीटर जमीन

उद्यानाचं नूतनीकरण म्हटलं की लोक नव्या दिव्यांबद्दल, बाकांबद्दल, कारंज्याबद्दल विचारतात. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. साइटवर माझे सगळ्यात जास्त वाद होतात ते मात्र जमिनीवरून, म्हणजे कुठे खोदायचं, कुठे रोलर फिरवायचा आणि कुठे पाऊलसुद्धा जपून टाकायचं यावरून. शहराच्या ऐन मध्यवस्तीतल्या एका जुन्या उद्यानाच्या कामावर असाच एक दिवस आला. तो सविस्तर लिहून ठेवावासा वाटतो, कारण उद्यान पुन्हा उघडल्यावर तिथे येणाऱ्या कुणालाही त्या दिवसाचा मागमूस दिसणार नाही.

उद्यान बऱ्याच महिन्यांपासून पत्र्यांच्या आड होतं. मधली हिरवळ, पावसाच्या पाण्याचा निचरा, नवे दिवे आणि व्हीलचेअर सहज जाईल अशी रुंद पायवाट, असा कामाचा पसारा होता. उद्घाटनाची तारीख ठरली होती. पूर्वेच्या फाटकातून आत येणारी पायवाट एका प्रचंड रेन ट्रीखालून जाते. उन्हाच्या वेळी अर्धं उद्यान याच झाडाखाली बसलेलं असायचं. माझ्या ड्रॉइंगमध्ये या झाडाभोवती एक मोठं वर्तुळ होतं आणि आत खोदाई करायची नाही असं लिहिलेलं होतं. पण दिव्यांचं ड्रॉइंग वेगळ्या सल्लागाराकडून आलं होतं. त्यात केबलचा चर सरळ त्या वर्तुळातून जात होता आणि साइटवर हातात होतं ते तेच.

सकाळी माळीकाकांचा फोन आला. "मॅडम, लवकर या. जेसीबी झाडाकडे वळलाय."

मी पोचले तेव्हा बकेट जमिनीला टेकली होती, पण खोदाई सुरू झाली नव्हती. काका मशीनसमोर उभे होते, हातात पाण्याचा पाइप तसाच. साइट इंजिनिअर त्यांच्याशी शांतपणे बोलत होता. तो वाईट माणूस नव्हता, त्याच्या डोक्यावर तारीख होती. मला म्हणाला, "मॅडम, खोड बघा किती लांब आहे. नऊ मीटरवर काय होणार? मुळं तर खाली खोल गेलेली असतात."

हा समज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही तो सोडत नाहीत. झाड वर जितकं उंच तितकंच खाली खोल, असं चित्र आपल्या मनात असतं. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटिमीटर मातीतच असतात. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं तर वरच्या 30 सेंटिमीटरमध्ये, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. कारण साधं आहे, मुळांना श्वास लागतो. चांगल्या मातीचा जवळपास निम्मा भाग मोकळ्या जागेचा असतो, त्यात काही हवा असते आणि काही पाणी. खाली गेलं की माती दाबलेली आणि हवा कमी. रेन ट्रीची मुळं तर वरवरच पसरतात.

मी टेप मागवला. छातीच्या थोडं वर, दीड मीटर उंचीवर खोडाचा घेर भरला 3.4 मीटर, म्हणजे व्यास एक मीटरहून थोडा जास्त. बांधकामाजवळच्या झाडांसाठी ब्रिटिश मानक 5837 आहे, 2012 सालचं. त्यात व्यासाच्या बारा पट त्रिज्येची जमीन राखायला सांगितली आहे. हिशेब झाला जवळजवळ 13 मीटर. मग काकांनी खोडाला दोर बांधला, दुसऱ्या टोकाला एक मजूर फक्कीची पिशवी घेऊन फिरला आणि जमिनीवर पांढरं वर्तुळ उमटलं. कागदावर ते मी कितीदा काढलं असेल, पण जमिनीवर बघताना मलाही ते फार मोठं वाटलं. सिमेंटच्या गोण्यांचा ढीग, पेव्हर ब्लॉकच्या थप्प्या, मजुरांची पाण्याची टाकी आणि उभा जेसीबी, सगळं वर्तुळाच्या आत होतं.

इंजिनिअर बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मला इथे मूळ दाखवा. दिसलं तर मी स्वतः वरच्यांशी बोलतो."

मागणी रास्त होती. पण कुदळीने बघायचं म्हणजे बघताबघताच मूळ तोडायचं. त्यासाठी हवेच्या झोताने खोदायचं यंत्र असतं, एअर स्पेड. कंप्रेसरची हवा एका बारीक तोंडातून आवाजाच्या सुमारे दुप्पट वेगाने बाहेर पडते. ती मातीच्या छिद्रांत शिरते आणि माती फुटून उडते. मूळ भरीव असतं, त्याच्यात हवा शिरत नाही, म्हणून ते जागच्या जागी राहतं. जमिनीखालच्या जुन्या पाइपलाइन मोकळ्या करणारेही हेच वापरतात. त्या कामातल्या एका ओळखीच्या माणसाला मी फोन केला आणि तो दुपारी कंप्रेसर घेऊन आला.

आधी माती ओली करून घेतली, नाहीतर धुरळ्यात काहीच दिसत नाही. चष्मे, कानाला मफ. केबलच्या चराची रेघ होती तिथेच नळी धरली. आधी जुन्या पायवाटेची खडी उडाली, मग मुरूम, मग अचानक काळी भुसभुशीत माती लागली आणि तिच्यात बोटभर जाडीची मुळं, एकमेकांत गुंतलेली, मागे पुढे सगळीकडे. आणखी थोडं खाली, वितीभर खोलीवर, माझ्या दंडाएवढं जाड मूळ आडवं पसरलं होतं, बरोबर चराच्या रेघेवर. खोडापासून नऊ मीटरवर! त्याची साल ओली, तांबूस, कुठेही खरचटलेली नाही. काकांनी खाली वाकून त्यावर हात ठेवला. मजूर हातातली कामं टाकून भोवती जमले. जेसीबीचा ड्रायव्हर खाली उतरला आणि कुणीही न सांगता मशीन मागे घेऊन गेला.

वरच्या अधिकाऱ्यांशी फोनवर बोलणं झालं, तेव्हा प्रश्न अपेक्षित होता. एका झाडासाठी तारीख पुढे ढकलायची? मी जे सांगितलं ते आजही तसंच सांगेन. जाड मूळ तोडलं तर झाड त्या दिवशी मरत नाही, उद्घाटनालाही ते हिरवंगारच दिसेल. परिणाम दिसायला कधी तीन, कधी पाच वर्षं जातात. आधी शेंड्याच्या फांद्या वाळतात, पाला विरळ होतो. झाडाला जमिनीत धरून ठेवणारीही हीच मुळं, त्यामुळे मग एखाद्या वादळात ज्या बाजूची मुळं तोडली त्या बाजूची पकडच नसते. आणि त्याच्या खाली आपणच बाकं मांडून माणसं बसवलेली असतात.

पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग विचारलं गेलं, "दुसरा मार्ग आहे का?"

मार्ग इंजिनिअरने काढला, हे मुद्दाम लिहिते. तो खड्ड्याशेजारी उकिडवा बसून मातीवर काडीने काहीतरी काढत होता. म्हणाला, "खोदायचंच नाही असं धरलं तर? वाट उचलून घेऊ." म्हणजे वर्तुळातून जाणारा वाटेचा सुमारे 19 मीटरचा तुकडा जमिनीला न टेकता स्क्रू पाइलवर ठेवायचा. स्क्रू पाइल म्हणजे टोकाला चकती असलेला लोखंडी दांडा, तो पिळून जमिनीत उतरवतात. काँक्रीट नाही, खड्डा नाही. प्रत्येक दांड्याची जागा आधी हवेच्या झोताने तपासायची, मूळ लागलं तर हातभर सरकायचं. केबल त्याच वाटेच्या पोटाखालून टांगून न्यायची. वाट जमिनीपासून 25 सेंटिमीटर उंच होणार होती. व्हीलचेअरसाठी 1:20 हून तीव्र उतार मला नको होता, तेव्हा दोन्हीकडे पाच-पाच मीटरचा उतार आला, तोही वर्तुळाच्या बाहेर. फळ्यांच्या फटी 12 मिलिमीटरच्या आत ठेवल्या, म्हणजे पाणी खाली जातं पण चाक किंवा काठी अडकत नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी सिमेंटच्या गोणीवर कागद पसरून हे सगळं मांडलं.

उघडी पडलेली मुळं मात्र रात्रभर तशी ठेवता येत नाहीत, बारीक मुळं काही तासांतच सुकतात. काकांनी गोणपाटं भिजवून आणली, मुळांवर अंथरली, वर तीच माती हाताने परत लोटली. दाबायची नाही, फक्त पाण्याने बसवायची. अंधार पडेपर्यंत ते काम चाललं.

त्यानंतर वर्तुळाच्या कडेने कुंपण घातलं आणि आतलं सामान बाहेर काढलं. हिरवळीचा प्रश्नही याच जातीचा निघाला. तिथे महिनोन्महिने ट्रक उभे राहिले होते. चिकणमाती एका घनसेंटिमीटरला 1.47 ग्रॅमच्या पुढे दाबली गेली की मुळं तिच्यात शिरू शकत नाहीत, आणि आमचे नमुने त्याच्या वर होते. वरून तयार हिरवळ अंथरली असती तर ती पहिल्या उन्हाळ्यातच पिवळी पडली असती. माती खोलवर फोडून कंपोस्ट मिसळावं लागलं. तारीख पुढे गेलीच. मला त्याचं वाईट वाटलं नाही. न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क 1988 मध्ये बंद झालं ते 1992 मध्ये उघडलं. आज शहराच्या मध्यातल्या उद्यानाचं उदाहरण म्हणून जगभर त्याचं नाव घेतात, तेव्हा त्या चार वर्षांची तक्रार कुणी करत नाही.

त्याच उद्यानाकडून आम्ही आणखी एक गोष्ट घेतली, हलवता येणाऱ्या खुर्च्या. त्या उद्यानाच्या सुधारणेसाठी सल्ला देणारे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी शहरातल्या मोकळ्या जागांमध्ये माणसं कशी बसतात याचा वर्षानुवर्षं कॅमेरा लावून अभ्यास केला होता. माणूस बसण्याआधी खुर्ची थोडी तरी सरकवतो, अगदी दोन इंच का होईना, हे त्यांचं निरीक्षण मला फार आवडतं. खुर्च्या चोरीला जातील म्हणून आमच्याकडे विरोध झाला. शेवटी थोड्या खुर्च्यांना परवानगी मिळाली.

उद्घाटनाची भाषणं झाली आणि लोक आत शिरले. कारंज्याभोवती फोटो निघाले. तासाभरात बहुतेक खुर्च्या ओढत ओढत उचललेल्या वाटेच्या कडेला, रेन ट्रीच्या सावलीत पोचल्या होत्या. व्हीलचेअरवरची एक मुलगी वाटेवरून गेली, टोकाला वळली, परत आली आणि पुन्हा गेली. तिच्या भावाने मला विचारलं, "इथे खाली पाणी नाही, मग पूल कशाला?" मी त्याला फटीतून खाली बघायला लावलं आणि मुळांबद्दल सांगितलं. तो पालथा पडून बराच वेळ बघत होता.

हस्तांतरणाच्या कागदांत मी दोन कलमं आग्रहाने घालून घेतली. ओल्या हिरवळीवर कुठलंही वाहन न्यायचं नाही, कारण ओली माती सगळ्यात जास्त दबते आणि बहुतेक नुकसान चाकांच्या पहिल्या काही फेऱ्यांतच होतं. आणि वर्तुळातला पालापाचोळा झाडून बाहेर न्यायचा नाही, तो तिथेच कुजू द्यायचा. पहिल्याच पावसानंतर एका कार्यक्रमासाठी स्टेजचा ट्रक हिरवळीवर घ्यायची विनंती आली. माळीकाकांनी कलम दाखवलं आणि स्टेज कारंज्याजवळच्या फरशीवर लागलं.

झाडाचे फोटो आम्ही ठरलेल्या चार जागांवरून दरवर्षी घेणार आहोत, निदान पाच वर्षं. शेंड्याचा पाला विरळ होतो का, ते त्यात बघायचं. इंजिनिअरची बदली झाली आहे, पण फोटो त्यालाही पाठवायचे असं त्याने सांगून ठेवलं आहे.