फुसका बार

गेल्या ऑक्टोबरातला शनिवार. अमेरिकेत ओहायोतल्या आमच्या गावाबाहेरची नेमबाजीची रेंज, २५ यार्डांची लेन, हातात .३८ स्पेशलचं रिव्हॉल्वर आणि त्यात मी घरी भरलेली काडतुसं. पहिली सहा छान गेली. सिलिंडर पुन्हा भरलं, सातवं उडवलं, आणि 'धाड्'ऐवजी नुसतं 'फट्' झालं. सादळलेली लवंगी वाजते ना, तसं. हाताला झटका नाही, समोरच्या कागदाला नवीन भोक नाही.

माझं बोट पुन्हा ट्रिगर ओढायला निघालं होतं. लय लागली की बोट डोक्याला विचारत नाही. तेवढ्यात मागून रेंज ऑफिसर जिवाच्या आकांतानं ओरडले, "स्टॉप!" कानांत बोळे, वर इअरमफ, तरीही ते ऐकू आलं. मी बोट बाहेर काढलं. नळी मातीच्या बांधाकडेच धरून त्यांनी मला ३० सेकंद मोजायला लावले. कधी कधी प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाची ठिणगी पाडणारी टिकली, पेटतो पण पावडर, म्हणजे आतली दारू, उशिरा पेटते, आणि त्या वेळी नळी भलतीकडे वळलेली असली तर अनर्थ होतो. मग सिलिंडर उघडून सगळी काडतुसं काढली. ऑफिसरांनी पितळी सळई पुढून नळीत सोडली. ती अर्ध्यातच टेकली. गोळी आत रुतून बसली होती. मी पुढचा बार उडवला असता तर दुसरी गोळी तिच्यावर जाऊन आदळली असती आणि नळी माझ्या तोंडासमोर फाटली असती.

याला इथे स्क्विब म्हणतात. आपला फुसका बार. केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, पावडर पडलेलीच नसते, एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी केसमधून सुटते आणि नळीत अडकते.

मी कोल्हापूरचा. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे ज्या मातीतले, तिथल्या माणसाला नेमबाजीचं वेड असणं नवल नाही. पण काडतुसं भरणं मी इथेच शिकलो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. इथे स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही, विकायचं असेल तर लागतो. शिकवलं शेजारच्या एका निवृत्त मशिनिस्टनं. वय ७४, हात अजून स्थिर. मी त्यांना नावानं हाक मारतो, मनात मात्र काका म्हणतो.

काकांनी पहिले दोन आठवडे प्रेसला, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्राला, हातच लावू दिला नाही. पुस्तक वाचायला लावलं. त्यात छापलेल्या पावडरच्या कमाल मापापेक्षा दहा टक्के खालून सुरुवात करायची, मग थोडंथोडं वर. गोळी ठरल्यापेक्षा खोल बसली तरी दाब वाढतो, म्हणून लांबी मोजायचा कॅलिपर हाताशी. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा, बाकीचे कपाटात. दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या डब्यांवर ४८९५ हा एकच आकडा असतो, पण एका पावडरचं माप दुसरीला चालत नाही. हे त्यांनी मला तीनदा म्हणून दाखवायला लावलं.

माप ग्रेनमध्ये. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन आपल्या गुंजेच्या साधारण निम्मा. हे कळलं तेव्हा मला कोल्हापूरच्या गुजरीतलं, म्हणजे सराफ बाजारातलं, मामांचं दुकान आठवलं. तराजू काढायच्या आधी मामा पंखा बंद करायचे, दार लोटायचे. काकाही तेच करतात. गॅरेजचा हीटर बंद, दार बंद, आधी ठरलेल्या वजनांनी काटा तपासायचा, मग पावडर.

आणि तरीही माझ्याकडून चूक झाली. कशी, ते सविस्तर सांगतो.

.३८ स्पेशलची केस १८९८ची आहे, काळी दारू भरायच्या हिशेबानं उंच केलेली. आताच्या धूररहित पावडरचं माप तिच्या तळाशी चमचाभरसुद्धा दिसत नाही. त्यामुळे दोनदा पडली तरी ती ओसंडून सांडत नाही, वरून पाहिलं तर काळोखच दिसतो. मी ५० केस लाकडी ठोकळ्यात उभ्या करून पावडर मोजून पाडणाऱ्या मापाची मूठ ओढत चाललो होतो. मध्यावर हिची हाक आली, "अहो, चला ना जेवायला, आमटी गार होतेय." मी उठलो. जेवून परत आलो आणि जिथे थांबलो होतो असं वाटलं तिथून पुढे सुरू केलं. 'वाटलं' एवढ्यावरच. बॅटरीनं ठोकळ्यात उजेड पाडून सगळ्या केस एका नजरेत बघायच्या असतात. त्या दिवशी मी त्या पाहिल्या नाहीत, सरळ गोळ्या बसवायला घेतल्या.

रेंजवर अडकलेली गोळी तेलाचे दोन थेंब सोडून, सळईवर हलके ठोके देऊन निघाली. नळीला फुगवटा नव्हता. उरलेली ४३ काडतुसं मी घरी आणली. आधी विचार केला, एकेक काट्यावर ठेवू, हलकं लागेल ते रिकामं, जड लागेल ते दुप्पट. काकांनी मान हलवली. केसच्या आणि गोळीच्या वजनात जो फरक असतो, तो या एवढ्याशा पावडरपेक्षा मोठा भरू शकतो. काटा खोटा दिलासा देईल. सगळी फोडायची.

गोळी काढायची एक प्लास्टिकची हातोडी मिळते. काडतूस तिच्यात उलटं अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं, झटक्यानं गोळी सुटते. डोळ्यांवर चष्मा लावून बसलो. आपट, पावडर पातेलीत, काटा, वजन वहीत. २८ बरोबर निघाली. २९व्याची पावडर पातेलीत ओतली तेव्हा काट्याकडे बघायची गरजच पडली नाही. हिरवट-राखाडी चकत्यांचा ढीग डोळ्यांना दिसत होता. काट्यानं बरोबर दुप्पट दाखवलं. हे काडतूस त्याच डबीत होतं, ज्यातून मी सात उडवली होती. त्या दिवशी आणखी काही गोळ्या झाडल्या असत्या तर तेही सिलिंडरमध्ये गेलं असतं. मी हातोडी खाली ठेवली आणि बराच वेळ गॅरेजच्या पायरीवर बसून राहिलो.

शिशाची गोष्टही सांगायला हवी, कारण ती न दिसणारी आहे. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, केस साफ करताना त्याची धूळ उडते. आमच्या घरी चार वर्षांची मुलगी आहे. टेबलाशी चहा नाही, बिस्कीट नाही. काम झालं की गार पाण्यानं साबण लावून हात, मगच तिला जवळ. रेंजवरचे कपडे वेगळे धुतले जातात.

हिला मी सगळं सांगितलं. दुप्पट पावडरचा आकडाही दाखवला. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनं गॅरेजच्या दारावर लाल दोरी बांधली. दोरी दारावर असली की घरातलं कुणी हाक मारत नाही. फोन स्वयंपाकघरात राहतो. पावडर पडली की बॅटरी, मगच पहिली गोळी. आणि तरीही मध्येच उठावं लागलं तर ठोकळा तसाच ठेवून जात नाही. सगळ्या केसमधली पावडर परत डब्यात ओततो, केस उलट्या करून ठेवतो आणि आल्यावर पहिल्या केसपासून पुन्हा सुरू करतो.