पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

स्मरणिकेसाठी चार ओळी द्या, असा समितीचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या जिन्यात होतो. 'शाळेने मला काय दिलं' हा विषय त्यांनीच सुचवला. माझं उत्तर एका शब्दाचं आहे: बाई. कोणत्या बाई, हे माझ्या बॅचला सांगायला नको.

आठवीची सहामाही. मला दिसत नाही, म्हणून लेखनिक म्हणून सहावीतला एक मुलगा दिलेला. मराठीचा पेपर तपासून आला, तर शुद्धलेखनाचे चार गुण कापलेले. मी तणतणत शिक्षकखोलीत गेलो.

"बाई, या चुका त्याच्या आहेत. तो कुठली वेलांटी काढतोय ते मला काय कळणार?"

"पेपर कोणाचा?"

"माझा."

"मग वेलांट्याही तुझ्याच. ब्रेलमध्ये इ आणि ई एकच असतात का रे?"

नसतात. इ म्हणजे दुसरा आणि चौथा ठिपका, ई म्हणजे तिसरा आणि पाचवा. बोटांना पाठ होतं ते. गुण वाढले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर बाई आम्हा दोघांना थांबवून घेऊ लागल्या. मी "पहिली वेलांटी, दुसरा उकार, स्वल्पविराम" असं म्हणत धडा सांगायचा, तो लिहायचा, बाई तपासायच्या. मध्येच तो हात झटकत म्हणायचा, "दादा, जरा हळू." बाकीचे काही शिक्षक मला दयेचे गुण द्यायचे. तेही कळायचं बरं का!

पुढे पुण्यात कायदा शिकलो, मित्रांनी कॅसेटवर वाचून दिलेल्या पुस्तकांवर. मी शिकत असतानाच, ७ फेब्रुवारी १९९६ला, अपंगांच्या हक्कांचा पहिला सर्वंकष कायदा लागू झाला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सात होते. २०१६च्या कायद्यात एकवीस झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर गेलं. अपंगांचे खटले लढणारी आमची संस्था सहा जणांची. फी घेत नाही. जास्त पक्षकार येतात ते नोकरीत असताना अपंगत्व आलेले. वाहन चालवणाऱ्याची नजर गेली की त्याला घरी बसवतात. सरकारी आस्थापनेला तसं करता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, हे कलम २० त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

अर्ज मी अजून तसाच सांगतो, वेलांट्यांसकट. ज्युनिअर पोरं हसतात. हसोत.

फेब्रुवारी २०२१मध्ये विकास कुमार यांच्या खटल्याचा निकाल आला. हाताला पेटके येत असल्याने लिहिता न येणारा हा उमेदवार. अपंगत्व चाळीस टक्के भरत नाही म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, लेखनिकासाठी ती चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. मी तो निकाल स्क्रीन रीडरवर दोनदा ऐकला आणि बाईंना फोन लावला. त्यांना आता कमी ऐकू येतं. मी ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पण सांगणाऱ्याने नीट सांगायला हवं." ऐकू येत नाही त्याचं प्रमाणपत्र काढून देतो म्हटलं, तर म्हणे, "मला कुठे नोकरी करायचीय!"

मध्यंतरी शाळेत येऊन गेलो. सगळीकडे गुळगुळीत टाइल्स. आठवीच्या दाराशी शहाबादी फरशीला एक तडा होता, तो पायाला लागला की वर्ग आला. आता तडा नाही. मी सरळ पुढच्या वर्गात शिरलो. रॅम्प केलात, आभार. पण उतार फार आहे, एकास बारा हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. वकिलाला बोलावलंत, आता ऐकून घ्या.

आणि तो सहावीतला लेखनिक. हे वाचलंस तर समितीकडून माझा नंबर घे. तुझं अक्षर कसं होतं, ते विचारायचं राहून गेलंय.